मामाच्या वहीतला वेताळ आणि सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने तिचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय मला आवडला: चाहत्यांनी स्वतः काढलेली आणि स्वतःच वाटलेली कॉमिक्स, आणि ती काढणारे गट. जपानवर दोन पानं, अमेरिकेवर दीड पान, आणि मग हे वाक्य: 'मराठीत चाहत्यांनी काढलेल्या कॉमिक्सची परंपरा आढळत नाही.' त्यानंतर ती थेट आजच्या ॲनिमे बघणाऱ्या मुलांकडे गेली होती.

तुमच्यापैकी जे नेट-सेट-पेटच्या तयारीत आहेत, त्यांना असं वाक्य लवकरच लिहावं लागणार आहे. प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये ते कुठेतरी असतंच. 'या विषयावर मराठीत काम झालेलं नाही', 'आपल्याकडे अशी नोंद नाही'. रिसर्च गॅप दाखवायची म्हणून आपण ते घाईने टाकतो. गाईडही फार अडवत नाहीत, कारण वाक्य सोयीचं असतं: काहीच नाही म्हटलं की पुढचं सगळं आपोआप नवीन ठरतं.

आजची पोस्ट या एका वाक्यावर आहे. मी काही साहित्याची विद्यार्थिनी नाही. एम.एस्सी. प्राणिशास्त्रात केलं, पीएच.डी. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवर चालू आहे. पण हे वाक्य वाचलं आणि पहिल्यांदा आमच्या लॅबमधलंच भांडण आठवलं. दुसऱ्यांदा आठवली ती मामाच्या घरची लोखंडी पेटी.

आधी भांडण सांगते. आम्ही जंगलात कॅमेरे लावतो. समजा एखाद्या पाणवठ्यावर कॅमेरा लावला आणि दहा रात्रींत वाघाचा एकही फोटो आला नाही. तक्त्यात काय भरायचं? नवीन माणूस शून्य भरतो. पण वाघ त्या भागात असला, आणि एका रात्री कॅमेऱ्यासमोरून जाण्याची शक्यता दहात एक असली, तर दहाच्या दहा रात्री तो न दिसण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ३५ टक्के. तीन वेळा कॅमेरा लावला तर त्यातल्या एका वेळी तुम्ही असलेल्या वाघाला नसलेला ठरवाल. तीस रात्री ठेवला तर ही चूक चार टक्क्यांवर येते. म्हणून 'दिसला नाही' आणि 'नाही' हे आमच्याकडे दोन वेगळे रकाने आहेत, आणि पहिल्या रकान्यासोबत किती रात्री, कोणता कॅमेरा, कुठे लावला हे लिहावंच लागतं. न लिहिलं तर त्या शून्याला काही अर्थ नाही.

टिपेश्वरच्या त्या वाघाची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. २०१९ मध्ये तो आपल्या जिल्ह्यातून निघाला, तेलंगणात शिरला, परत आला, आणि १,३०० किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. पण आपल्याला तो चाललेला कळला, कारण त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्याच्याआधी असा लांब कोणी गेलाच नसेल, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता कॉमिक्सकडे येऊ. जपानमध्ये या प्रकाराला दोजिन्शी म्हणतात. आवडत्या मालिकेतली पात्रं घ्यायची, त्यांची आपली गोष्ट काढायची, पदरचे पैसे घालून छापायची आणि आपल्यासारख्याच वेड्या लोकांना विकायची. २१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत 'कॉमिकेट' नावाचा पहिला बाजार भरला, तेव्हा ३२ गट आणि अंदाजे ७०० माणसं आली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात चार दिवसांत सात लाखांच्या वर लोक आले. ज्युनिअरने हे सगळं बरोबर लिहिलं होतं. एक गोष्ट मात्र तिने सोडली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. कॉमिकेटमध्ये जो गट पुस्तक विकायला ठेवतो, त्याने एक नमुना प्रत आयोजकांकडे जमा करायची असते. संस्थापकांपैकी एक, योशिहिरो योनेझावा, २००६ मध्ये वारले. त्यांच्या नावाचं वाचनालय २००९ मध्ये टोकियोच्या मेजी विद्यापीठात सुरू झालं आणि तिथे या नमुना प्रती बघायला मिळतात.

म्हणजे तिकडे कॉलर घातलेली आहे. तिकडचं संशोधन भरघोस आहे ते लोक जास्त कॉमिक्स काढतात म्हणून तर आहेच, पण कोणीतरी एकेक प्रत उचलून ठेवली म्हणूनही आहे. हे दोन परिणाम वेगळे कसे करायचे, हा प्रश्न मला त्या सिनॉप्सिसमध्ये हवा होता.

आपल्याकडे जपून ठेवण्याची जी व्यवस्था आहे ती छापील पुस्तकासाठी आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. त्याच्याही आधी शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती तयार केली. तो केवढा उद्योग होता हे ज्याने ती सूची एकदा चाळली त्यालाच कळेल. पण शाळेच्या वहीत बॉलपेनने काढलेलं कॉमिक कोणत्या सूचीत जाणार? शाळांमधल्या हस्तलिखितांचंही तेच. वर्ग मिळून अंक काढतो, बाईंचं मनोगत, चार कविता, एक रांगोळी, गॅदरिंगला प्रदर्शन, आणि मग ते कपाट. कपाटाचं पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

जे टिकतं ते बहुतेक वेळा पुढे घडलेल्या गोष्टीमुळे टिकतं. जानेवारी १९३३ मध्ये क्लीव्हलँडच्या जेरी सीगलने स्वतः काढलेल्या सायक्लोस्टाइल छापाच्या मासिकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरलं, चित्रं त्याचा मित्र जो शुस्टरची. तो सुपरमॅन चक्क खलनायक होता. १९३८ मध्ये दुसरा, आपल्याला माहीत असलेला सुपरमॅन बाजारात आला नसता तर ते मासिक आज कोणी जपलं असतं? आपल्याकडे १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, तेही सायक्लोस्टाइल. आज त्यावर प्रबंध होतात. त्याच काळात त्याच यंत्रावर अंक काढणाऱ्या आणि पुढे बँकेत लागलेल्या मुलांवर होत नाहीत. (बँकेत लागणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या घरी अजून तेच स्वप्न आहे.)

आता पेटी.

माझा मामा पांढरकवड्याचा. १९८३-८४ साली तो आठवी-नववीत होता. त्या वेळी टाइम्स ऑफ इंडियावाल्यांची 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत. ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. सगळ्यात लाडका वेताळ, म्हणजे ली फॉकने १९३६ मध्ये तयार केलेला फँटम. एस.टी. स्टँडवर एक प्रत यायची आणि ती कोण घेणार यावरून मारामारी व्हायची, असं मामा सांगतो. ज्यांना मिळत नसे त्यांच्यासाठी मामा स्वतःच वेताळ काढू लागला. दोनशे पानी वहीत, पट्टीने चौकटी आखून, निळ्या आणि लाल पेनने. वहीवर अंकाचा नंबर. वाचायला घेतली की शेवटच्या पानावर नाव लिहायचं आणि दहा पैसे द्यायचे, किंवा पेनची कांडी.

दोन वह्या उरल्या आहेत, अंक ७ आणि अंक ११. त्या चांगल्या होत्या म्हणून उरल्या नाहीत. पुठ्ठा जाड होता म्हणून आजीने पेटीच्या तळाला घातल्या, वरती गोधड्या. बाकीच्या रद्दीत गेल्या. टिकण्याचा आणि दर्जाचा असा काही संबंध नसतो हे त्या दोन वह्या हातात घेतल्यावर लगेच कळतं, कारण अंक ७ चित्रांच्या बाबतीत खरंच कच्चा आहे.

तरी तो नीट वाचू. गोष्ट अशी: वेताळ कापसाच्या बाजारात येतो. मापारी काटा मारतो, शेतकऱ्याला कळतं पण बोलता येत नाही. वेताळ त्याला धडा शिकवतो. शेवटी मापाऱ्याच्या जबड्यावर कवटीचा ठसा. शेवट पूर्ण छापील वेताळातून उचललेला आहे आणि तोच सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. मामाने आधी संवाद लिहिले आणि मग उरलेल्या जागेत माणसं कोंबली, त्यामुळे कितीतरी चौकटींत डोकी आहेत, धड नाही. एका ठिकाणी फुग्याची शेपटी चुकून बैलाकडे गेली आहे, आणि बैल भावावर बोलतोय असं दिसतं.

पण मधली चार चौकटींची एक जागा मी पुन्हा पुन्हा बघते. वेताळ घोड्यावर येत नाही. सायकलवर येतो. सायकल पंक्चर होते. वेताळ मुखवटा, अंगाला चिकटलेला पोशाख, कमरेला दोन पिस्तुलं अशा अवतारात पंक्चरच्या दुकानासमोर उकिडवा बसला आहे, आणि दुकानदार ट्यूब पाण्यात धरून त्याला विचारतो, 'कोन्या गावचे?' वेताळ सांगत नाही. दुकानदार पुन्हा विचारतो. तिसऱ्या चौकटीत दोन शेतकरी येऊन मापाऱ्याबद्दल बोलू लागतात, वेताळ ऐकतो. चौथ्या चौकटीत दुकानदार म्हणतो, 'चार आने द्या.' वेताळाकडे चार आणे नसतात.

छापील वेताळाकडे कोणी कधी पैसे मागत नाही. त्याला बघून लोक थरथरतात. चारशे वर्षं न मेलेला म्हणून त्याचा दबदबा. इथे कोणी घाबरतच नाही. मला हे वाचून फार आनंद झाला आणि मी डायरीत मोठ्या उत्साहाने लिहिलं: 'गोऱ्या, मुखवटाधारी, जंगलावर राज्य करणाऱ्या नायकाची सत्ता सायकल या एका वस्तूने काढून घेतली आहे. वासाहतिक नायकाचं वऱ्हाडीकरण.' मग मामाला फोन केला आणि विचारलं, घोडा का नाही काढलास?

मामा म्हणाला, 'मले घोडा जमेच नाही वं. पाय चुकत. सायकल सोपी, दोन गोल काहाडले का झालं.'

डायरीतलं वाक्य मी खोडलं नाही, पण त्याच्यापुढे तारीख टाकून मामाचं उत्तर लिहिलं. तुम्हीही असं करा. कारण दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. सायकल आली ती घोडा जमत नाही म्हणून. पण सायकल आल्यावर ती पंक्चर करावी, वेताळाला उकिडवं बसवावं आणि त्याच्याकडे चार आणे नसावेत, हे हात चुकल्यामुळे होत नाही. ते कोणीतरी ठरवलेलं आहे. लेखकाचा हेतू विचारला की प्रश्न सुटला असं नाही, आणि न विचारता मोठे शब्द लावले तर ते माझे शब्द, वहीचे नाहीत. मी जवळजवळ तेच करून बसले होते.

खरी गंमत मात्र अंक ११ मध्ये आहे. अंक ७ च्या समासात वेगळ्या अक्षरात कोणीतरी लिहिलंय, 'वेताळाचा घोडा कुठाय?' त्याच्याखाली आणखी एकाने, 'विकला.' अंक ११ च्या पहिल्या पानावर मामाने खुलासा छापला आहे, म्हणजे लिहिला आहे: घोडा आजारी आहे, लवकरच बरा होईल. आणि त्याच अंकात, मधल्या पानांवर, घोडा आहे. एक नाही, पाच चौकटींत. उत्तम घोडा. मान, आयाळ, खुरांची घडी, सगळं बरोबर. रेघ वेगळी, दाब वेगळा, पेन काळं. मामाने कधी काळं पेन वापरलेलं नाही. चौकटीत वेताळ मामाचा, घोडा दुसऱ्याचा. मामाने घोड्यासाठी जागा मोकळी सोडून वही पुढे दिली असणार, किंवा कोणीतरी सरळ वर काढला असणार. पण एका चौकटीत वेताळाचा पाय घोड्याच्या पोटामागे नीट लपला आहे, म्हणजे पाय नंतर काढला. म्हणून मला जागा सोडल्याचं जास्त पटतं. मामाला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, 'हे घोडे माहे नाहीत.' कोणाचे? आठवत नाही.

'कम्युनिटी' हा शब्द आपण सिनॉप्सिसमध्ये फार सैल वापरतो. वर्गात पन्नास पोरं होती म्हणून ती कम्युनिटी होत नाही. इथे एकाने तक्रार केली, काढणाऱ्याने तिला उत्तर दिलं, आणि तिसऱ्याने पेन उचललं. याला मी कम्युनिटीचा पुरावा म्हणेन, कारण तो कागदावर आहे आणि कोणालाही तपासता येतो.

शेवटच्या पानावरची नावंही मोजली. (नावं इथे देणार नाही. ही माणसं आज पंचावन्नच्या आसपास असतील, आणि आपलं नाव कुठे यावं असं त्यांना कोणी विचारलेलं नाही. तुमच्या कामात अशी यादी आली तर आधी परवानगी, मग स्कॅन.) अंक ७ नेणारे १४ जण. अंक ११ नेणारे १२. दोन्हींत समान ८. आमच्या क्षेत्रात तळ्यातले मासे मोजायला जी युक्ती वापरतात ती इथे लावता येते: पकडा, खूण करा, सोडा, पुन्हा पकडा. १४ गुणिले १२ भागिले ८, म्हणजे २१. वाचकांचा गट अंदाजे एकवीस जणांचा. पण थांबा. ही युक्ती धरून चालते की दुसऱ्यांदा पकडलं जाण्याची शक्यता सगळ्यांची सारखी आहे. वेताळाचे वेडे दोन्ही वेळा येणारच, आणि कधीमधी वाचणारे दोन्हीतून निसटणार. म्हणजे २१ हा आकडा कमीच आहे. शिवाय ज्याने दहा पैसे न देता मित्राच्या खांद्यावरून वाचलं त्याचं नाव कुठेच नाही.

एकूण अंक किती निघाले असतील? दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या रणगाड्यांवरचे क्रमांक बघून एकूण किती बनले याचा अंदाज बांधला होता. तेच सूत्र: मोठ्यात मोठा क्रमांक ११, हाती आलेले नमुने २. अकरा अधिक अकराचे अर्धे, वजा एक. साडेपंधरा. मामा म्हणतो, 'बारा-चौदा असतीन.' दोन नमुन्यांवर असा अंदाज म्हणजे अंधारात दगड आहे, त्यावर माझा फार जीव नाही. पण आकडा चुकला तरी प्रश्न योग्य जागी आला. एका तालुक्याच्या गावातल्या एका वर्गात पंधराच्या आसपास अंक, वीस-पंचवीस वाचक, आणि कोणत्याही ग्रंथालयात शून्य. असे वर्ग किती होते?

इथे मी स्वतःलाही ब्रेक लावते. यावरून 'मराठीत फॅन कॉमिक्सची समृद्ध परंपरा होती' असं लिहिलंत तर तेही तितकंच चूक. दोन वह्या म्हणजे परंपरा नव्हे. परंपरा म्हणायला एकाकडून दुसऱ्याकडे काहीतरी जावं लागतं. मामाच्या मते ही कल्पना त्याने वरच्या वर्गातल्या एका दादाची वही बघून घेतली. तो दादा कोण, कोणती वही, पुरावा काही नाही. हा एक कच्चा धागा आहे, त्याला कच्चाच म्हणायचं.

थिअरीचं थोडक्यात. ज्युनिअरने हेन्री जेन्किन्सचं 'टेक्स्च्युअल पोचर्स' (१९९२) घेतलं होतं, बहुतेक सगळेच घेतात. त्यातली कल्पना अशी की चाहते दुसऱ्याच्या मालकीच्या रानात शिरून शिकार करतात, चोरून का होईना आपलं पोट भरतात. कल्पना दे सर्तोची, जेन्किन्सने ती अमेरिकेतल्या टीव्ही मालिकांच्या चाहत्यांना लावली. त्यांच्या माणसांना ती शोभते, कारण मालक समोर दिसतो आणि वकिलाची नोटीस येऊ शकते. मामाच्या वर्गाला मालक कोण हेच माहीत नव्हतं. आणि फँटमला वेताळ म्हटल्यावर रान परकं राहतंच कुठे? वेताळ गावाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या दगडात आधीपासून आहे, विक्रमाच्या खांद्यावर आहे. नाव देणाऱ्याने अर्धं काम करून ठेवलं होतं. इंद्रजालच्या भारतीय आवृत्तीने तर फँटमच्या देशाचं नाव बदलून 'डेंकाली' केलं, चाच्यांचं 'सिंग' हे नाव 'सिंगा' केलं, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा 'बहादूर' हा आपला नायकच आणून बसवला. छापणाराच जिथे हात घालतो तिथे वाचणाऱ्या पोराला परवानगीची गरज वाटत नाही. आपल्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात तेव्हा कोणी विचारतं का, ही चाल कोणाची? चाल सगळ्यांची, टोमणा आपला.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिखित गोष्ट मुख्यतः चित्रांतून सांगणं हेसुद्धा 'ॲडाप्टेशन'च्या व्याख्येत येतं, आणि तो हक्क मूळ लेखकाचा. त्यामुळे आज कोणी कादंबरीवर कॉमिक काढून विकत असेल तर हा मुद्दा तुमच्या प्रबंधात यायलाच हवा. दहा पैसे आणि पेनच्या कांडीवर मात्र मी वेळ घालवणार नाही.

तर त्या वाक्याचं काय करायचं? मी ज्युनिअरला विचारलं, तू शोधलंस कुठे? ती म्हणाली, दोन डेटाबेस आणि विद्यापीठाची लायब्ररी. शोधशब्द? 'फॅन कॉमिक्स', 'दोजिन्शी', 'फॅनझीन'. म्हणजे कॅमेरा लावला, पण रस्त्याच्या कडेला, दुपारी. मी ओळखीच्या मोठ्या माणसांना दोन्ही प्रकारे विचारून बघितलं. 'तुम्ही फॅन कॉमिक्स काढायचात का?' म्हटलं की चेहरे कोरे. 'वहीत वेताळ काढायचात का?' म्हटलं की एकजण सरळ कागद मागतो आणि कवटीची अंगठी काढून दाखवतो. प्रश्नावलीतला शब्द हा तुमचा कॅमेरा आहे. मराठी माणसाला त्याच्याच आठवणीबद्दल विचारायचं आणि शब्द टोकियोचा वापरायचा, तर उत्तर शून्यच येणार.

तिने वाक्य आता असं केलं आहे: 'छापील सूची आणि दोन डेटाबेसमध्ये वरील शब्दांनी शोध घेतला असता मराठी नोंद मिळाली नाही. शालेय वह्या आणि हस्तलिखितं या शोधाच्या बाहेर होती. व्यक्तिगत संग्रहात अशा किमान दोन वह्या आढळल्या आहेत.' लांब झालं आहे, थोडं रटाळही. गाईडला अजून दाखवलेलं नाही. कदाचित ते म्हणतील, गॅप स्पष्ट होत नाही. तिला तशी भीती आहे आणि ती खोटी नाही, कारण 'काहीच नाही' म्हणणारा सिनॉप्सिस कमिटीसमोर जास्त ठाम वाटतो. मी तिला एवढंच म्हटलं की व्हायव्हाला पंचावन्न वर्षांचा एखादा परीक्षक असेल आणि तो पांढरकवड्याचा निघाला तर?

आजच्या मुलांबद्दल तिने जे लिहिलंय ते चांगलं आहे, त्याला मी हात लावला नाही. एकच सुचवलं. माझ्या चुलतभावाच्या वर्गात नारुतो आणि गोकू रफ वहीच्या मागच्या पानांवर आहेत, आणि चांगलं जमलं तर स्टेटसला. चोवीस तासांत ते गायब. मामाच्या वहीला किमान पुठ्ठा होता. तिचं फील्डवर्क सुरू होईपर्यंत यातलं काय उरेल ते तिने आत्ताच ठरवायला हवं, म्हणजे दर आठवड्याला परवानगीने जतन करायचं की नंतर मुलाखतीच घ्यायच्या.

वह्यांचं म्हणाल तर गेल्या रविवारी पांढरकवड्याला जाऊन आले. प्रत्येक पानाचा फोटो पट्टी शेजारी ठेवून घेतला, कोणती वही कुठे सापडली, कोणी ठेवली, कधीपासून, हे मामाच्या आवाजात रेकॉर्ड केलं. लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, हे त्याला तीनदा सांगितलं. अंक ११ च्या शेवटी अंक १२ ची जाहिरात आहे: वेताळ वणीच्या कोळसा खाणीत. मामाला वाटतं ती वही वणीला राहणाऱ्या एका मित्राकडे गेली होती. घोडेही त्याचेच असतील का, असं मी विचारलं. मामा बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिला आणि म्हणाला, दिवाळीनंतर फोन करून पाहू.

मामी मात्र कुरकुरत होती, पेटीचा तळ उघडा पडला म्हणून. तिथे आता माझ्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरच्या नोट्स आहेत.